अनुभव धागा : उदास प्रेमगीताचा तुम्ही लावलेला अर्थ

उदास प्रेमगीतं सगळेच ऐकतात. पण त्यातल्या 'ती'च्या किंवा 'तो'च्या जागी आपण कुणाला बसवतो, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सोलापुरात तर एकाच गल्लीत मराठी भावगीत, तेलुगू सिनेमाचं गाणं, कन्नड वचन आणि दखनी लहेजातली गझल कानावर पडते. म्हणून हा धागा. रसग्रहण नको, पुस्तकी तर मुळीच नको. कोणतं गाणं, कोणती ओळ, आणि तिचा तुम्ही काय अर्थ लावलात, ते लिहा. भांडायचं तर ओळ दाखवून भांडा.

पहिला खडा मीच टाकते. सुरेश भटांचं 'तरुण आहे रात्र अजुनी', चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज आशाबाईंचा. हे गाणं म्हणजे शहीद जवानाच्या पार्थिवाशेजारी बसलेल्या बायकोचा विलाप, अशी एक गोष्ट व्हॉट्सॲपवर कधीपासून फिरते. तुम्हाला पटते का?

माढा तालुका, माहेर सोलापूर

माझे मिस्टर फौजेत होते, आता घरी असतात. हा मेसेज मला दर पंधरा ऑगस्टला येतो. पाठवणाऱ्याला वाटतं, मला अभिमान वाटेल.

रजेचं कसं असतं ते सांगते. दोन गाड्या बदलून माणूस कुर्डुवाडीला उतरतो. दारात सासूबाई भाकरतुकडा ओवाळून टाकतात. मग भावकी येते, पोरं काळ्या ट्रंकेभोवती गोळा होतात, कॅन्टीनचं सामान वाटलं जातं, चहावर चहा होतो. सगळे पांगेपर्यंत रात्र निम्मी सरलेली असते. मी भांडी घासून, ओटा पुसून, नवं लुगडं नेसून खोलीत येते तर हे भिंतीकडे तोंड करून घोरतायत. इतक्या महिन्यांचं बोलणं साठलेलं आणि समोर नुसती पाठ. राग येतो, कीव येते, हसू येतं, सगळं एकदम. त्या गाण्यात 'एवढ्यातच त्या कुशीवर' आहे ना, ते 'एवढ्यातच' माझं आहे.

बाई अशी लाडाने रुसते ती जिवंत माणसावर. ज्यांच्या दारात खरोखर पेटी आली त्या बायका माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्यापुढे हे गाणं लावून कुणी 'खरा अर्थ' सांगू नये, एवढंच म्हणणं आहे.

रात्रपाळीची परिचारिका

मेलेलं माणूस कुशीवर वळत नाही. विषय संपला.

निवृत्त मराठी शिक्षक, विजापूर रोड

सिस्टर, तुमच्या खात्यातलं ज्ञान निर्विवाद! पण 'विझलास' या शब्दाचं काय करायचं? झोपलेल्या माणसाला मराठीत विझला म्हणत नाहीत. आणि त्याच्या आधी 'हाय' आहे. ही गोष्ट कुणी हवेतून काढली नसावी, त्या एका शब्दाला धरून ती वाढली असणार. मला पार्थिवाचा अर्थ मान्य नाही, पण नुसत्या लाडिक रुसव्याचाही नाही. त्या नवऱ्याचं तिच्यावरचं मन विझलंय, हे तिला त्या रात्री कळतंय. झोप हे निमित्त.

विजापूर वेस, मुशायऱ्यांचा जुना श्रोता

ताईंचं बरोबर, सरांचं अर्धं बरोबर. ही गझल आहे हे दोघंही विसरलात. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, 'निजलास' आणि 'वळलास' हे काफिये, म्हणजे यमकं, बांधले, आणि त्यांच्यामागे दर वेळी तसाच येणारा 'का रे' हा रदीफ ठरला. एकदा एवढं ठरलं की पुढच्या प्रत्येक शेराला त्याच घराण्यातला शब्द लागणार. म्हणून विझलास आला, मिटलास आला, लुटलास आला. शायर काफिया शोधतो आणि मग त्याच्याभोवती चित्र उभं करतो. आकाशात ताऱ्यांच्या दीपमाला पेटलेल्या, म्हणून इकडे माणूस विझलेला. कोजागिरीच्या चांदण्यात ती उमलते, म्हणून तो मिटलेला. दर ठिकाणी ती जागी आहे आणि तो नाही, एवढी एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगितली आहे.

दुसरं, गझलेत प्रत्येक शेर आपापल्या पायावर उभा असतो. सगळे शेर ओवून त्यातून एक मयत काढायची गरज नाही. काढलीच तर रातराणीचा गंध लुटण्याचा शेर कुठे बसवणार? मला आलेल्या मेसेजमध्ये तो शेर गाळलेलाच होता. भटसाहेबांनी 'गझलेची बाराखडी' लिहून ही समज मराठीला द्यायचा प्रयत्न केला, आणि आपण त्यांच्याच गझलेची बातमी करून टाकली.

(धागाकर्ती) उस्ताद, सलाम. आता रात्र मिटवू या. दुसरं गाणं कुणाकडे आहे?

केगाव, विद्यापीठाचं वसतिगृह

'ती गेली तेव्हा रिमझिम'. ग्रेस यांची कविता, हृदयनाथांचाच आवाज. आमच्या मजल्यावर एक गाणारा पोरगा होता, त्याचं नुकतंच तुटलं होतं. रोज जेवण झालं की गच्चीवर हेच गाणं. तो 'ती गेली' म्हणाला की पोरं वाहवा करायची आणि तिच्या गावाचं नाव घ्यायची. तो कडव्यापर्यंत जायचाच नाही, मुखडाच घोळवत बसायचा.

माझी आई मी अकरावीत असताना गेली. पुढच्या कडव्यात 'ती आई होती' असं सरळ लिहिलंय, त्यात अर्थ लावायला जागाच नाही. पण मी कधी बोललो नाही. तो त्याच्या पोरीसाठी गात होता, मी माझ्या आईसाठी ऐकत होतो, आणि गाणं दोघांनाही पुरत होतं. फक्त एकदा एका नव्या पोराने हुशारी केली, "अरे हे आईचं गाणं आहे बे, गर्लफ्रेंडचं काय लावलायस?" गाणारा गप्प झाला. मग त्याने बाकीची कडवीही पाठ केली आणि पूर्ण गायला लागला. मुखडा घोळवायचा तेव्हा जास्त चांगला गायचा, असं माझं मत.

नवी पेठेजवळ, पानपट्टी

आपल्या सोलापूरच्या फैय्याज यांनी गायलेलं 'कोन्यात झोपली सतार'. मूळ कविता गदिमांची, 'जोगिया'. मी शिकलो कमी, पण ही कविता मला धंद्यामुळे कळली असं म्हणायला हरकत नाही.

कोठ्यावर गाणाऱ्या बाईची मैफल उठून गेली आहे. तबकात काय उरलंय? देठ, लवंगा, साली. लोक हे 'वातावरणनिर्मिती' म्हणून सोडून देतात. मी रोज रात्री दुकान बंद करताना तेच बघतो. पानाचा देठ खुडायचा, शिरा काढायच्या, चुना-कात फिरवायचा. वेलदोड्याचे दाणे आत जातात, साल बाहेर राहते. म्हणजे तबकातला ढीग बघून सांगता येतं की आज किती विडे लावले आणि किती जणांच्या तोंडात गेले. तिच्याकडे काय उरलं, तर खुडलेले देठ. तिच्या धंद्याचा हिशेबच आहे तो.

आणि खरी जागा पुढे आहे. सगळे गेल्यावर ती आणखी एक विडा करायला बसते, आणि त्याला लवंग टोचताना तिचा तोल जातो. लवंगच का? स्वतःला खायचं पान आपण तसंच दुमडून तोंडात टाकतो, त्याला लवंग कोण टोचत बसतो? लवंग टोचून बंद केलेला विडा दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो. तिने विडा बंद केला आणि द्यायला समोर कुणीच नाही. मग ती सांगते ती हकीकत येते. एक जण नुसतं प्रेम घेऊन आला होता, हिने त्याला दामाचं विचारलं, तो मागे वळून न बघता जिना उतरून गेला. तो दिवस आला की ती जोगिया गाते.

माझ्याकडेही एक काका दोन विडे बांधून न्यायचे. काकू गेल्यावर एकच न्यायला लागले, पण बांधून. इथे उभं राहून खा म्हटलं तर नको म्हणायचे.

गायन शिकवते, रेल्वे लाइन्स

भाऊ, तुम्ही कमी शिकलात असं परत म्हणू नका. त्यात एकच भर घालते. जोगिया हा पहाटेचा राग. गिऱ्हाईक असतं तोवर त्याची वेळच होत नाही. म्हणजे तिचं सगळ्यात चांगलं गाणं पैसे मोजणाऱ्या कुणाच्याही वाट्याला आलेलं नाही.

वकील, जिल्हा न्यायालय

माझी निवड हिंदी आहे, चालवून घ्या. साहिर लुधियानवींचं 'चलो इक बार फिर से', 'गुमराह' सिनेमा, १९६३. लोक याला समजूतदार निरोपाचं गाणं म्हणतात. माझ्या एका अशिलाने ते मोबाईलला लावलं होतं, तारखेच्या दिवशी कोर्टात वाजायचं.

मला त्यात मसुदा दिसतो. मी तुझ्याकडून अपेक्षा ठेवणार नाही, तू माझ्याकडे तसं बघायचं नाही. कलम १३ ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट घेताना आम्ही अटी लिहितो त्या अगदी अशाच असतात, दोन्ही बाजूंना बांधणाऱ्या. आणि जो माणूस अशा अटी गाऊन दाखवतो त्याला सुटायचं नसतं, हे वीस ओळींच्या उलटतपासणीत सिद्ध करता येईल. सिनेमात हा गृहस्थ भर पार्टीत, तिच्या नवऱ्यादेखत, पियानोवर बसून अनोळखी होऊ या म्हणतो. ज्याला अनोळखी व्हायचंय तो त्या पार्टीला जातच नाही हो.

त्याच न्यायालयातली दुसरी वकील

सर, तुमच्या त्या अशिलाने नंतर तडजोड केली होती. रिंगटोन बदलून आले होते.

बाळीवेस

'संमती' शब्द निघाला म्हणून लिहिते. गाणं नाही, पण माझ्यासाठी सोलापुरातलं सगळ्यात उदास प्रेम संमती कट्ट्यावर आहे. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी योगदंडाशी लग्न करायला सांगितलं. दर गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या जत्रेत, आपण ते लग्न लावतो. कन्नडमधून संमती वाचली जाते, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झालं की लाखभर हात अक्षता टाकतात. आणि दुसऱ्या दिवशी होम, त्यात ती कन्या स्वतःला अर्पण करते. आजी म्हणायची, हट्ट पुरा झाला, पोरगी सुखात गेली. आईला ते कधीच पटलं नाही, पण ती अक्षता न चुकता टाकते. मीही टाकते.

अशोक चौक, यंत्रमाग

आमचे तातय्या, म्हणजे आजोबा, मागावर असायचे. त्यांचं एक गाणं ठरलेलं, घंटसालांचं 'जगमे माया'. १९५३ चा तेलुगू 'देवदासु'. सिनेमात अक्किनेनी नागेश्वरराव दारूत बुडून म्हणतात ते. तातय्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. पण बटवड्याच्या दिवशी संध्याकाळी मंडळात भजनाला बसले की अभंग, तत्त्वाल (तेलुगू वैराग्यपदं) झाल्यावर शेवटी हे गाणं व्हायचंच, टाळ-मृदंगासकट. कुणी नवीन माणूस हसला तर म्हणायचे, "तो नशेत बोलला, म्हणून खोटं झालं का?"

प्रेमात हरलेल्याचं गाणं आणि वैराग्याचं भजन यात आमच्या घरात कधी भिंत नव्हती. जग खोटं आहे हे कळायला एकाला पारू लागली, दुसऱ्याला पांडुरंग, असा तातय्यांचा हिशेब. अज्जीला विचारलं तर म्हणायची, यांना सूर आवडतो, बाकी काही नाही.

मोडनिंब, ढोलकी

तुम्ही सगळे ओळीचा अर्थ विचारताय. बैठकीच्या लावणीत ओळीला एक अर्थ नसतोच. विरहाची लावणी घ्या. बाई बसून गाते, पाय हलत नाहीत, सगळी अदा डोळे, मान आणि हातात. 'सख्या अजून का आला नाहीस' अशा आशयाची एक ओळ धरते आणि तीच परत परत म्हणते. पहिल्यांदा वाट बघते. मग लटका राग. मग टोमणा, की दुसरीकडे गेला असशील. मग भीती, की रस्त्यात काही झालं तर नाही ना. शब्द तेच. मी ढोलकीवर थाप कमी करत नेतो, ती कुठे वळणार हे मला तिच्या खांद्यावरून कळतं. आमच्या जिल्ह्यातल्या सत्यभामाबाई पंढरपूरकरांचं नाव या बैठकीच्या गाण्यात आजही कान पकडून घेतात.

आता गंमत सांगतो. दौलतजादा कुठे पडतो ते बघायचं. नव्या पोरांचे पैसे लटक्या रागावर पडतात. चाळिशीच्या माणसाचे टोमण्यावर. आणि एखादा म्हातारा गडी, धोतरातला, काहीच देत नाही. ती भीतीवर आली की मात्र कमरेची पिशवी सोडतो आणि नोट न उडवता हळूच पुढे सरकवतो. कुणाचा काय अर्थ लागला ते मला ढोलकीमागे बसून दिसतं. विचारावं लागत नाही.

करमाळा, सध्या सोलापुरात कॉलेजला

सगळी जुनी गाणी चालू हायेत म्हणून बोलतो. 'सैराट' आमच्या तालुक्यातला. 'याड लागलं' ऐका, शब्दांत दुःखाचा पत्ता नाही, पोरगं खुशीत उडालंय. पण मी २०१६ ला पिच्चर बघून आलो त्या दिवसापासून ते माझ्यासाठी उदास गाणंय. शेवटी बारकं पोरगं रडत बाहेर येतं तेव्हा आवाजच बंद केलाय, गाणं नाही, काही नाही. ते मुकं शेवटचं सगळं मग मागं जाऊन या गाण्यात बसतं. शब्द न बदलता अर्थ बदलला की नाही?

आणि आमच्याकडे वरातीत डीजेवाला 'झिंगाट'च्या आधी हेच लावतो. गेल्या उन्हाळ्यात मित्राचं लग्न झालं, आंतरजातीय, पोरीच्या घरचं कुणी आलं नव्हतं. डीजेवाल्याने लावलं. मी जाऊन म्हणालो, दुसरं लाव की बे. तो म्हणतो, "पब्लिकची फर्माइश हाय." नवरदेव स्वतः नाचत होता.