आफ्रिकेतल्या निर्वासितांवर अभ्यास करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

धानबांधी
नमस्कार सगळ्यांना. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली, एमए समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी आफ्रिकी देशांतल्या स्थलांतरित आणि निर्वासितांचं जीवन हा विषय घेतला तर सगळे विचारून राहिले की इतक्या दूरचा विषय काहून घेतला. पण माझ्या गावापासून प्रतापगडचा तिबेटी कॅम्प जवळ आहे, १९७२ पासून ते लोक तिथं आहेत, लहानपणापासून मी त्यांना पाहत आली पण ते इथं कसे जगतात हे कधी कोणाला विचारलंच नाही. म्हणून वाटलं का आधी आफ्रिकेतलं संशोधन वाचावं आणि मग त्या नजरेनं आपल्या शेजारी पाहावं. नेटवर मिळते ते सगळं आकड्यांचं आहे, इतके लाख इकडून तिकडे गेले. माणूस सकाळी उठून काय करते, पैसे कुठून येतात, शेजाऱ्यांशी बोलणं कसं आहे, हे कसं शोधतात कोणी सांगाल का?

बोअरगाडी
ताई, मी तीन वर्षं युगांडात बोअरवेलच्या कामावर होतो, वायव्य भागात, यूंबे जिल्ह्यात. तिथं बिडीबिडी म्हणून वस्ती आहे, २०१६ मध्ये दक्षिण सुदानचे लोक आले तेव्हा सुरू झाली आणि थोड्याच महिन्यांत दोन लाखाच्या वर माणूस झाला. तारेचं कुंपण वगैरे काही नाही. युगांडाचा २००६ चा कायदा आहे, त्यात निर्वासिताले काम करता येते, फिरता येते, आणि वस्तीत प्लॉट देतात. ऐकायले बम चांगलं वाटते पण प्लॉट किती तर साधारण ३० बाय ३० मीटर, म्हंजे पाव एकरही नाही. त्यात घर, चूल, संडास आणि उरलं त्यात मका नाहीतर भाजी. रेशन कमी झालं का त्या तुकड्यावर काय भागते तुम्हीच सांगा, आपल्याकडे एका एकराच्या धानात घर चालत नाही.
आणि एक पाहिलेलं सांगतो. दिवसा घरी बाया, लेकरं आणि म्हातारेच दिसतात. गडी कुठं आहे विचारलं तर कोणी कंपालाले कामावर, कोणी सीमेपलीकडे आपलं जुनं शेत पाहायले गेला. म्हणून सर्वेवाले दुपारी येऊन जे लिहून नेतात ते अर्ध्या घराचंच असते. तुम्ही वाचताना हे पाहाच का त्या दिवशी घरी कोण नव्हतं.

साकोलीचे मास्तर
बेटा, बोअरगाडीचा मुद्दा फार मोलाचा आहे, त्याला धरूनच बोलतो. तू १९७२ म्हणालीस, त्याच वर्षी बुरुंडीतल्या कत्तलीतून पळून हुतू लोक, म्हणजे तिथला एक समाज, शेजारच्या टांझानियात गेले. लीसा माल्की या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात त्यांच्यात राहून काम केलं. काही लोक मिशामोच्या कॅम्पात होते आणि काही किगोमा शहरात मिसळून गेलेले, बाईंनी दोघांकडे जाऊन त्यांचं ऐकून घेतलं. कॅम्पातले लोक आपण हुतू, आपल्यावर काय गुजरलं, आपण परत जाणार, हे रोज एकमेकाला सांगत जगत होते. शहरातले मात्र कोणापुढे कोणती ओळख सांगायची हे वेळ पाहून ठरवत. एकाच देशातून निघालेले लोक, पण कुठं ठेवलं त्यावरून ते स्वतःला काय समजतात हेच बदललं. पुढं त्यातल्या दीड लाखाहून जास्त लोकांना टांझानियानं नागरिकत्व दिलं, त्याचाही विचार कर.
दुसरं म्हणजे यजमानाला, म्हणजे कॅम्पाभोवतीच्या मूळ रहिवाशांना, सोडू नको. केनियात काकुमा कॅम्प १९९२ चा, तो तुर्काना लोकांच्या कोरड्या मुलखात आहे. तुर्काना बाया सरपण आणि कोळसा निर्वासितांना विकतात आणि बदल्यात धान्य नेतात. २०१८ च्या एका पाहणीत त्या भागात २००० च्या वर दुकानं निघाली. म्हणजे कॅम्प हा फक्त मदत घेणाऱ्यांचा नाही, तिथं बाजार उभा आहे आणि त्यात तणावही आहे. प्रतापगडला गेलीस तर शेजारच्या गावातल्या लोकांनाही बस विचारायला.

मुलचेऱ्याहून
मी गडचिरोलीकडच्या मुलचेऱ्यातला, बंगाली निर्वासितांच्या वसाहतीतला, आजोबा पूर्व पाकिस्तानातून आले, सरकारनं जमीन दिली. मला पद्धतीबद्दल एकच सांगायचं आहे आणि ते मनापासून सांगतो. आमच्याकडे फॉर्म घेऊन लोक येत राहिले. माझ्या आईला दरवेळी वाटायचं का यावेळी जातीच्या दाखल्याचं काहीतरी होईल, ती चहा करायची, सगळे कागद काढून दाखवायची, आणि तो माणूस परत कधी दिसला नाही. आफ्रिकेतल्या कॅम्पातही हेच होते असं वाचलं आहे, फॉर्म भरला तर रेशन वाढेल नाहीतर कॅनडा-अमेरिकेत नंबर लागेल असं लोकांना वाटते आणि मग उत्तरंही त्या हिशोबानं येतात. म्हणून जाशील तर पहिल्याच वाक्यात सांग की माझ्या हातात काही नाही. आणि लिहून झाल्यावर मराठीत का होईना वाचून दाखव.

धानबांधी
सगळ्यांचे खूप आभार, डोळे भरून आले मुलचेऱ्याच्या दादांचं वाचून. मिशामो आणि किगोमाचं आजच शोधते. म्हणजे मी वस्तीतले आणि बाहेर राहणारे असे दोन्ही घेऊ ना? दिवाळीची सुट्टी लागली का प्रतापगडला जायचं ठरवून राहिली.

बोअरगाडी
दोन्ही घ्या. पण दिवाळीनंतर नका जाऊ ताई, तवा तिथले बरेच लोक स्वेटर विकायले शहरात निघून जातात. त्याच्या आधी एक चक्कर मारा आणि मग नागपूरले त्यांच्या स्वेटरच्या दुकानावर जाऊन बसा.

मुलचेऱ्याहून
आणि इकडे यायचं असेल तर धान कापणी झाल्यावर, डिसेंबरात ये. जानेवारी लागला का आमच्या भागातले मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. आई आहे घरी, मी सांगून ठेवतो.