मदत हवी आहे : राजदूत गोर ऊझली यांचा फारसी हस्तलिखितांचा संग्रह

नमस्कार. १८१० च्या दशकात इराणमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेले सर गोर ऊझली यांच्या फारसी हस्तलिखितांविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. शिराझमध्ये १४३० च्या सुमारास तैमूरवंशीय राजपुत्र इब्राहिम सुलतान याच्यासाठी तयार झालेला सचित्र 'शाहनामा' (फिर्दौसीचे फारसी महाकाव्य) ऊझलींच्याच संग्रहातून ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आला. मात्र राजदूत होण्याआधी ऊझली लखनौला अवधचे नवाब सादत अली खान यांच्या पदरी होते, त्यामुळे सगळा संग्रह राजदूतपदाच्या काळातच जमला असे सरसकट मानणे मला तरी धाडसाचे वाटते. एखादी पोथी लखनौत मिळाली की इराणात, हे बांधणी, मालकांचे शिक्के आणि समासातल्या नोंदी यांवरून कसे ठरवावे? सुरुवात कुठून करावी, तेवढे फारसी शिक्के वाचणाऱ्यांनी कृपया सांगावे.