मदत हवी आहे: स्पिटफायर की हार्वर्ड?

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानात एकदा तरी बसायचं, हे बाबांचं जुनं वेड. आता इंग्लंडला जायचा योग आलाय आणि तिथे पैसे भरून अशा विमानातून फेरी मारता येते, पण विमान कोणतं यावरच घोडं अडलंय.

बाबांचा जीव स्पिटफायरमध्ये. मर्लिन इंजिनाचा आवाज ऐकायचाय म्हणे! पण ते मुळात एकाच वैमानिकाचं लढाऊ विमान, त्यामुळे दोन सीटच्या विमानातही मागे जागा तंगच. हार्वर्ड मात्र प्रशिक्षणासाठीच बनवलेलं, ६०० अश्वशक्तीचं आणि आपल्या हवाई दलातही वापरलेलं. मला तेच बरं वाटतं.

खरी काळजी गुडघ्यांची. पाठीला पॅराशूट, पंखावर चढायचं आणि कॉकपिटच्या कडेवरून पाय आत टाकायचा. सत्तरीच्या माणसाला हे जमतं का? कुणी वडीलधाऱ्यांना नेलंय का?

गरगरण्याचा त्रास असेल तर कोलांट्या नकोत असं वैमानिकाला आधी सांगता येतं ना? हवा बिघडली तर पुढची तारीख देतात की पैसे परत?

२०१९मध्ये अमेरिकेत प्रवासी नेणारं बी-१७ हे त्याच काळातलं बॉम्बफेकी विमान कोसळून सात जण गेले, ते आईने वाचलंय. ती अजून तयार नाही. विमानाच्या देखभालीबद्दल बुकिंगआधी नेमकं काय विचारावं?