अवजारांवर ५ टक्के, लोखंडावर १८ टक्के: अडकलेल्या जीएसटी क्रेडिटचं काय करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात आमचा शेती अवजारांचा छोटा कारखाना आहे. रोटाव्हेटर, पलटी नांगर, कल्टिव्हेटर, ऊसवाल्यांसाठी सरी रेजर असा माल करतो आणि सांगली-कोल्हापूर, पलीकडे बेळगाव-विजापूरच्या डीलरांना देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून आमच्या मालावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याबद्दल तक्रार मुळीच नाही. लाखाच्या रोटाव्हेटरमागे शेतकऱ्याचे सात हजार वाचतात आणि ते वाचायलाच हवेत.

अडचण कारखान्याच्या आत आहे. पत्रा, अँगल, पाइप, पात्यांचं बोरॉन स्टील, गिअरबॉक्स, बेअरिंग, नटबोल्ट, वेल्डिंग रॉड, रंग हे सगळं १८ टक्क्यांत होतं आणि तिथेच राहिलं. लेझर कटिंग, मशीनिंग, पावडर कोटिंग आम्ही बाहेरून करून घेतो. त्या जॉबवर्कवर आधी १२ टक्के होते, ते त्याच दिवसापासून १८ झाले. म्हणजे विक्रीचा दर उतरला आणि खर्चाच्या एका भागाचा चढला. बातम्यांमध्ये पहिली गोष्ट सगळीकडे आली, दुसरीबद्दल कुणी बोलताना दिसत नाही.

आकडे समजायला सोपे म्हणून गोल करून मांडतो. महिन्याची विक्री २० लाख धरा. कच्चा माल १३ लाखांचा, त्यावर १८ टक्क्यांनी २,३४,००० कर. जॉबवर्क २ लाखांचं, त्यावर आता ३६,०००. एकूण क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला आणि विक्रीवरच्या करातून वजा होणारा कर, २,७०,०००. विक्रीवर कर लागतो १,००,०००. दर महिन्याला १,७०,००० जीएसटीच्या लेजरमध्ये (क्रेडिटच्या खात्यात) पडून राहतात. जुन्या दरांनी हाच हिशेब केला तर क्रेडिट २,५८,०००, विक्रीवरचा कर २,४०,००० आणि शिल्लक फक्त १८,००० होती. तेवढ्यासाठी परताव्याच्या मागे कुणी लागत नव्हतं. आता मात्र हा पैसा बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जातून व्याजावर उचलून लोखंडवाल्याला द्यावा लागतो.

उलट्या कररचनेचा (खरेदीवर कर जास्त, विक्रीवर कमी) परतावा जीएसटी कायद्याच्या कलम ५४(३) खाली मिळतो हे माहीत आहे. पण नियम ८९(५) चं सूत्र लावून बघितलं तर पूर्ण रक्कम हाती येत नाही. त्यात ‘निव्वळ आयटीसी’ (इनपुट टॅक्स क्रेडिट) म्हणजे फक्त मालावरचं क्रेडिट, सेवा आणि यंत्रसामग्री धरत नाहीत. वरच्या आकड्यांत २,३४,००० मधून १,००,००० × २,३४,००० ÷ २,७०,००० वजा केले की १,४७,३३३ येतात. राहिलेले २२,६६७ कुठेच मिळत नाहीत. विक्रीच्या एक टक्क्याहून थोडे जास्त. आमच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण बघता ही रक्कम लहान नाही.

तर आता प्रश्न. सप्टेंबर २०२५ मध्ये २१ तारखेपर्यंत १२ टक्के आणि पुढे ५ टक्के, अशा महिन्याचा अर्ज कसा करायचा? जॉबवर्कचं अडकणारं क्रेडिट कमी करण्याचा सरळ, कायद्यात बसणारा मार्ग आहे का? स्वतःचं कटिंग मशीन घ्यावं म्हटलं तर त्याचं क्रेडिटही परताव्यात धरत नाहीत. कटिंगवाल्याकडून तयार भागच विकत घेतले तर? आणि तिसरं, जे रोज फोन करून विचारलं जातंय: डीलरांकडे १२ टक्क्यांनी घेतलेला जुना माल पडून आहे. ते म्हणतात, फरकाची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारी चिठ्ठी) द्या. त्यांचे पैसे खरोखरच अडकलेत आणि वर्षानुवर्षांचे संबंध आहेत, त्यामुळे नुसतं नाही म्हणून भागत नाही. पण कायद्याने काय देता येतं? आमच्याकडे परताव्याचा अर्ज याआधी कधी केलेला नाही. ज्यांनी केलाय त्यांनी अनुभव लिहिला तर फार उपकार होतील.

---

प्रतिसाद (मी सीए आहे, पुण्यात जीएसटीचंच काम करते)

दादा, तुमचं सूत्र बरोबर आहे आणि सध्याचं आहे. ५ जुलै २०२२ च्या आधी विक्रीवरचा पूर्ण कर वजा व्हायचा, तेव्हा तुमच्या आकड्यांना १,३४,००० च मिळाले असते. सेवांवरचं क्रेडिट परताव्यात धरावं म्हणून व्हीकेसी फूटस्टेप्स या कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १३ सप्टेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने सेवा वगळणारा नियम वैध ठरवला, मात्र सूत्रातल्या विसंगतीकडे जीएसटी परिषदेचं लक्ष वेधलं. त्यानंतरच सूत्र बदललं. म्हणून २२,६६७ परत मागण्यात वेळ घालवू नका, ते किमतीतच धरा.

सप्टेंबरची काळजी नको. तुमचा कच्चा माल १८ टक्क्यांचा असल्यामुळे १२ टक्क्यांची विक्रीही उलट्या रचनेतच मोडते. पूर्ण महिन्याची उलाढाल एकत्र घ्या आणि वजावटीत दोन्ही दरांनी झालेल्या कराची बेरीज घ्या. एक गोष्ट बघा: कटिंगचे तुकडे भंगारात १८ टक्क्यांनी विकत असाल तर ती विक्री उलट्या रचनेतली नाही. ती फक्त एकूण उलाढालीत येते, सूत्रातल्या उलट्या रचनेच्या विक्रीत धरली तर हमखास त्रुटीपत्र येतं.

अर्ज आरएफडी-०१ या फॉर्ममध्ये करायचा. थ्रीबी (कर भरण्याचं विवरणपत्र) भरण्याची जी शेवटची तारीख असेल तिथून दोन वर्षांची मुदत असते. खरेदीची बिलं टूबीमध्ये (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) दिसत असलीच पाहिजेत, तेव्हा लोखंडवाले विवरणपत्र वेळेवर भरतात ना ते आधी पाहा. परिषदेच्या ५६व्या बैठकीत ठरल्याप्रमाणे उलट्या रचनेच्या अर्जांनाही आता जोखीम तपासून ९० टक्के हंगामी परतावा देतात, १ ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांना. त्यासाठी नोंदणीचं आधार प्रमाणीकरण झालेलं लागतं. ते नसेल तर आजच करून घ्या. तिमाही विवरणपत्राच्या योजनेत असाल तर परतावाही तिमाहीनेच मागता येतो. मासिकवर जायचं असेल तर चालू तिमाहीच्या पहिल्या महिन्याअखेरपर्यंतच बदल करता येतो.

डीलरांचं जरा अवघड आहे. जुन्या बिलावर १२ टक्के त्या दिवशी बरोबरच होते, त्यामुळे दर बदलला म्हणून कराची क्रेडिट नोट देता येत नाही. किमतीत सूट म्हणून कर न लावता व्यापारी क्रेडिट नोट देता येईल, पण ती तुमच्या खिशातून जाईल. काही डीलर सुचवतील की माल परत घ्या आणि ५ टक्क्यांनी नवं बिल करा. तसं केलं तर त्यांचं अडकलेलं क्रेडिट तुमच्या लेजरवर येऊन बसतं, तुमच्याकडे आधीच जागा नाही.

त्यांचं क्रेडिट बुडत नाही, पण ते संपायला किती वेळ लागतो तेही त्यांना समजावून सांगा. लाखाला घेतलेल्या यंत्रावर १२,००० भरले, ते १,०८,००० ला विकलं तर कर ५,४००, उरले ६,६००. नव्या यंत्रावर घेताना ५,०००, विकताना ५,४००, म्हणजे दर नगामागे ४०० च वापरले जातात. एका जुन्या यंत्राचं उरलेलं क्रेडिट जिरवायला सोळा-सतरा नवी यंत्रं विकावी लागतात. घेतलेला आणि विकलेला माल एकच असेल आणि फक्त मधे दर बदलला असेल, तर परतावा नाही अशी विभागाची भूमिका आहे, २०२० च्या १३५ क्रमांकाच्या परिपत्रकात ती लिहिलेली आहे. तेव्हा दोघांनी मिळून थोडी सूट वाटून घ्या, एवढाच व्यवहारी मार्ग मला दिसतो.

---

प्रतिसाद (लेझर कटिंगचं युनिट, चाकणजवळ)

तयार भाग विकत घेण्याबद्दल लिहिलंत म्हणून आमची बाजू सांगतो. तुमचं लोखंड कापून दिलं तर ते जॉबवर्क, १८ टक्के. मीच पत्रा आणून रोटाव्हेटरचा भाग म्हणून विकला, आणि तो दुसऱ्या कशाला चालणारा नसेल, तर तो ८४३२ या शेतीयंत्रांच्या जीएसटी कोडखालचा भाग होतो, ५ टक्के. म्हणजे पत्रा मी १८ ने घेणार आणि भाग ५ ने देणार. परताव्याच्या रांगेत तुमच्याऐवजी मी उभा. वर पत्र्यात माझं भांडवल गुंतणार, तेव्हा दर वाढवल्याशिवाय मला ते परवडत नाही. तुमच्यासारख्या दोघा-तिघा गिऱ्हाइकांनी विचारलं, सगळ्यांना हेच सांगितलं. नटबोल्ट, बेअरिंग, गिअरबॉक्स मात्र स्वतःच्या वेगळ्या कोडखाली १८ टक्क्यांतच राहतात, तिथे काही बदलत नाही.

---

मूळ लेखकाचा प्रतिसाद

ताई, साहेब, दोघांचेही मनापासून आभार. भंगाराचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. आधार प्रमाणीकरण झालेलं आहे, पण आम्ही तिमाही योजनेत आहोत, ते पहिल्यांदा बदलून घेतो. तयार भाग विकत घेण्याचा विचार सोडला. कटिंगवाल्यावर ओझं टाकून आपण मोकळं होणं मला पटत नाही.

यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. कापड, चामडं, औषधं यांच्या जॉबवर्कला ५ टक्के दर आहे. मग ज्या अवजारांवर शेतकऱ्यासाठी ५ टक्के केले, त्यांच्या जॉबवर्कला तोच दर का नसावा? माझ्याच आकड्यांत जॉबवर्क ५ टक्क्यांनी धरून बघितलं तर कायमचे अडकणारे २२,६६७ खाली येऊन ५,९०२ होतात. नाहीतर हा अडकलेला कर शेवटी किमतीत मिसळून शेतकऱ्याकडूनच वसूल होतो.

नगर, कोल्हापूर, जळगाव, लातूर, कुठल्याही भागात अवजारं बनवणारं कुणी इथे असेल तर आपल्या महिन्याचे असेच तीन आकडे लिहा: विक्री, कच्चा माल, जॉबवर्क. कारखान्याचं नाव नको. पुरेसे आकडे जमले की ते जोडून निवेदन तयार करतो, आणि ताई, पाठवण्याआधी तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का? राज्याचे अर्थमंत्री किंवा राज्याने नेमलेले दुसरे मंत्री जीएसटी परिषदेवर असतात, पहिली प्रत त्यांच्याकडेच द्यायची आहे.