जामीन राहू की नको? नीतिसूत्रे १७ मध्ये दोन्ही उत्तरं सापडली

इंदूरची_ताई (१७ तारीख, सकाळी ६.४०)

सर्वांना जय ख्रिस्त. इथे रोज वाचते, लिहिते आहे पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या घरी पवित्र शास्त्रातलं नीतिसूत्रे हे पुस्तक तारखेप्रमाणे वाचतात. एकतीस अध्याय, महिन्याचे एकतीस दिवस. महिना तीसचा असला तर शेवटच्या दिवशी दोन अध्याय. ही पद्धत आईची. ती नगरहून लग्न होऊन इंदूरला आली तेव्हा ट्रंकेत घालून आणलेलं पवित्र शास्त्र आता माझ्याकडे आहे. पुट्ठा सुटलाय, पानांच्या कडेला पेन्सिलीने तारखा आहेत. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या दिवशी पाणी भरून झालं की आणि एरवी उठल्याबरोबर मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मोठ्याने वाचते. आमच्या चर्चची उपासना हिंदीत असते, त्यामुळे मराठी वचन कानावर पडतं ते एवढंच.

आता प्रश्न. माझ्या धाकट्या भावाचं सांवेर रोडला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. नमकीनवाल्यांना माल देतो. नवीन मशीनसाठी आठ लाखांचं कर्ज घ्यायचं म्हणतो आणि जामीनदार म्हणून माझी सही हवी आहे. कागद घरी आणून दिलेत. "ताई, नुसती सही गं." तीन आठवडे झाले, ती प्लास्टिकची फाइल फ्रिजवर पडून आहे आणि दूध काढताना रोज दिसते.

माझे हे म्हणतात, भाऊ तुझा, तू ठरव.

बाबांनी ओळखीतल्या एका माणसासाठी अशीच सही केली होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बँकेची नोटीस घेऊन पोस्टमन दारात उभा, पोचपावतीवर सही मागतोय, आणि बाबा घरभर चष्मा शोधतायत. चष्मा त्यांच्या खिशातच होता. माझ्या लग्नासाठी ठेवलेली पावती त्या महिन्यात मोडली. त्यावर बाबा कधी बोलले नाहीत, पण त्यानंतर कुठल्याही कागदावर सही करताना त्यांचा हात थांबायचा, अगदी आमच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा.

महिनाभर याकोबाच्या पत्रातलं १:५ धरून प्रार्थना करते आहे की प्रभू, मी ज्ञानाने उणी आहे, मला दे. आज सतरा तारीख, सतरावा अध्याय. सतरावं वचन म्हणतं की मित्र सर्व प्रसंगी प्रेम करतो आणि भाऊ विपत्तीच्या वेळेसाठीच जन्मलेला असतो. डोळे भरून आले, म्हटलं उत्तर मिळालं, आजच सही करते. खालची ओळ वाचली, वचन अठरा: शेजाऱ्याला जामीन राहून हातावर हात मारणारा बुद्धिहीन असतो.

एकाखाली एक, लागोपाठ. आणि आईने सतराव्याखाली रेघ ओढलेली, अठराव्याच्या कडेला तारीख घातलेली. महिना आणि साल बघितलं, तो नोटिशीचाच महिना होता. म्हणजे तीही एक दिवस इथेच येऊन थांबली होती.

मला कळत नाही. देव बोलतोय की माझी भीती बोलतेय? की भावाची माया? तुम्ही कसं ओळखता?

---

ग्वाल्हेरचा_विश्वासी (१७ तारीख, रात्री)

जय ख्रिस्त ताई. देवाची इच्छा पक्की कळावी म्हणून गिदोनाने खळ्यात लोकर ठेवली होती, तसं तुम्हीही देवाजवळ चिन्ह मागा. मी नोकरी बदलताना सांगितलं होतं की प्रभू, तुझी इच्छा असेल तर शनिवारच्या आत फोन येऊ दे. शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. दुसरं म्हणजे प्रार्थना करून, डोळे मिटून शास्त्र उघडा आणि बोट ठेवा. देव त्या वचनातून बोलतो, हा माझा अनुभव आहे. तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

---

सोलापूरची_मावशी (१८ तारीख)

बाळा, तुझा फोन शुक्रवारी आला त्याबद्दल मीही देवाचे आभार मानते. पण गिदोनाची गोष्ट परत एकदा सावकाश वाच. शास्ते ६:१४ मध्ये देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, जा आणि इस्राएलाची सुटका कर. लोकर येते ती त्यानंतर, ३६ व्या वचनापासून. काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, धीर होत नव्हता. देवाने त्याचं ऐकलं, एकदा लोकर भिजवली, एकदा कोरडी ठेवली, ही देवाची दया. सगळ्यांनी असंच करावं असं शास्त्रात कुठे म्हटलेलं नाही. बारावा प्रेषित म्हणून मत्तीयाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या, कृत्ये १:२६. पुढच्या अध्यायात पवित्र आत्मा उतरला, आणि त्यानंतर मंडळीने चिठ्ठ्या टाकल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पंधराव्या अध्यायात मोठा वाद झाला तेव्हा सगळे बसले, बोलले, एकमेकांचं ऐकलं आणि मग पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटलं. "व आम्हाला" हे शब्द मला फार मोलाचे वाटतात.

आणि बोट ठेवण्याचं म्हणशील, तर मत्तय ४ मध्ये सैतानानेही वचनच काढून दाखवलं होतं, ९१ व्या स्तोत्रातलं.

आता ताई तुमच्याकडे. नीतिसूत्रे म्हणजे दहा आज्ञा नव्हेत. २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, २६:५ म्हणतं दे. दोन्ही शेजारी ठेवलीत, कारण कुठल्या वेळी कुठलं लागू पडतं ते ओळखणं हेच शिकायचं असतं. तुमची सतरा आणि अठरा तशीच आहेत.

शास्त्रात जामीन राहणाऱ्यांना सरसकट वाईट म्हटलंय असंही नाही. उत्पत्ती ४३:९ मध्ये यहूदा बापाला म्हणतो, धाकट्या बन्यामिनाबद्दल मी जामीन, माझ्या हातून त्याला मागून घ्या. पुढच्या अध्यायात ती वेळ खरंच आली तेव्हा तो स्वतः गुलाम व्हायला पुढे झाला. पौलाने अनेसिम या दासासाठी त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, स्वतःच्या हाताने लिहून दिलं की त्याचं काही देणं असेल तर मी फेडीन. आणि इब्री ७:२२ मध्ये आपल्या प्रभूला अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलंय. आम्ही लहानपणी हा शब्द कोर्टातला समजायचो. आमच्या पाळकांनी समजावून सांगितलं त्या दिवशी मी घरी येईपर्यंत रडत होते.

पण बघा, या तिघांनीही काय द्यावं लागेल हे पुरतं जाणून शब्द दिला. "नुसती सही" त्यांच्यातल्या कोणी केली नाही.

---

निवृत्त_बँकवाला, नंदानगर (१८ तारीख, रात्री)

ताई, मीही इंदूरचाच. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्जविभागात. वचनाबद्दल मावशींनी सांगितलं, त्यात मी काय भर घालणार? कागदाबद्दल सांगतो.

भारतीय करार अधिनियम १८७२, कलम १२८. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर मूळ कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. लोकांना वाटतं बँक आधी कर्जदाराच्या मागे लागेल, त्याच्याकडून नाहीच निघालं तर आपल्याकडे येईल. तसं नाही. हप्ते थकले की बँक सरळ जामीनदाराकडे येऊ शकते. हे कर्ज तुमच्या सिबिल अहवालातही, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीतही, दिसतं. उद्या मुलांच्या शिक्षणासाठी तुम्ही स्वतः कर्ज मागायला गेलात तर ते पुढे येईल.

माझ्या टेबलासमोर किती जण बसले असतील जे म्हणाले, साहेब, मला वाटलं साक्षीदाराची सही आहे. त्या वेळी मी कागद उलटून दाखवायचो, आणि ते ज्या नजरेने कागदाकडे बघायचे ती नजर अजून डोळ्यांपुढून जात नाही.

दुसरी गोष्ट. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी पतहमी योजना आहे, बँकेत सीजीटीएमएसई म्हणतात, २००० सालापासून चालू आहे. तिच्यात बसणाऱ्या कर्जाला तारण लागत नाही आणि तिऱ्हाइताचा जामीनही लागत नाही. त्याचं शुल्क असतं आणि मंजुरी द्यायची की नाही ते बँक ठरवते. पण भावाने बँकेत हे विचारलंय का? विचारलं नसेल तर का नाही, ते तुम्ही त्याला विचारा. उत्तरावरून बरंच कळेल.

देवाजवळ ज्ञान मागताय ते मागतच राहा. पण वही बघा. नफ्याचा कागद मागा.

---

वसईचा_वाचक (१९ तारीख)

मी कॅथोलिक आहे, तरी बोलू का? लोयोलाचे संत इग्नाशियस सोळाव्या शतकातले, आधी शिपाई होते, पायाला तोफेचा गोळा लागून अंथरुणाला खिळले आणि तिथे आपल्या मनात काय येतं-जातं ते तपासायला शिकले. निर्णय अडला तर काय करावं हे त्यांनी सांगून ठेवलंय, त्यातलं एक आमच्या फादरांनी मला दिलं होतं. समजा तुम्ही कधी न पाहिलेली बाई हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आली. तिचं भलं व्हावं एवढंच तुम्हाला वाटतं. तिला काय सांगाल? मग तेच स्वतः करा.

आणखी एक ते सांगतात: मन उदास, कोरडं, सैरभैर असेल तेव्हा आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. म्हणून रात्री अकरा वाजता सही करू नका आणि रात्री अकरा वाजता नाहीही म्हणू नका.

---

इंदूरची_ताई (२२ तारीख)

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्वाल्हेरच्या भावाचेही, कारण खरं सांगायचं तर महिनाभर मीही तेच करत होते. लोकर ठेवली नव्हती इतकंच.

वसईच्या दादांनी सांगितलं ते केलं. रात्री नाही, दुपारी, कपडे वाळत घालताना. ती बाई डोळ्यांपुढे आणली आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "अहो, पण भावाचा धंदा कसा चाललाय ते पाहिलंत का?" ओला टॉवेल हातात तसाच राहिला. देवाला महिनाभर विचारत होते, पण भावाला एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तर त्याला वाटेल ताईचा विश्वास नाही, ही भीती. वचनात उत्तर सापडलं असतं तर त्याला काही विचारायची वेळच आली नसती, म्हणून ते शोधत होते.

याकोब १:५ मी हिंदी बायबलात परत काढलं. मराठीत "दोष न लावता" आहे, हिंदीत "बिना उलाहना दिए". उलाहना म्हणजे आमच्या इंदुरी बोलण्यात टोमणा, टोचून बोलणं. आत्ता सुचलं का, इतके दिवस काय करत होतीस, असं काही न म्हणता देव देतो. मला त्या वेळी हे हवंच होतं.

आज बावीस. २२:२७ तुम्हाला ठाऊकच असेल: फेडायला काही नसलं तर अंगाखालचं अंथरूणसुद्धा काढून नेतील. हेही मोठ्याने वाचलं. या वेळी दचकले नाही. भावाला फोन केला की रविवारी उपासनेनंतर युनिटवर येते, वही काढून ठेव. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ये.

---

सोलापूरची_मावशी (२२ तारीख)

जा पोरी. जेवणाचा डबा घेऊन जा. नुसती वही बघायला आलीस असं त्याला वाटू नये.

---

इंदूरची_ताई (२७ तारीख)

मावशी, डबा नेला होता. वरण-भात, बटाट्याची भाजी आणि त्याला आवडते ती शेंगदाण्याची चटणी. आधी जेवलो.

वही तीन तास बघितली. शाळेच्या ऑफिसात मी फीचे हिशेब ठेवते, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. दोन व्यापाऱ्यांकडे सहा महिन्यांची उधारी अडकली आहे. जुनी मशीन चालू आहे, तिला बेल्ट आणि ब्लेड हवंय, नवी लगेच नको आहे. आठातले तीन लाख एका जुन्या हातउसन्या कर्जात जाणार होते, ते कोणालाच माहीत नव्हतं, भावजयीलासुद्धा नाही. हे सांगताना तो पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसला होता आणि नखाने कोपरा सोलत होता, लहानपणी वहीचे कोपरे सोलायचा तसा. म्हणाला, ताई, विचारलंस ते बरं केलंस, मी दोन महिने झोपलो नाही.

मी रागावेन असं मला वाटलं होतं. रागावले नाही. त्या क्षणी मला कुठलं वचन आठवलं नाही की आवाज ऐकू आला नाही. फक्त आत खूप दिवसांनी स्थिर वाटलं, आणि सही करायची नाही हे त्याला सांगताना आवाज कापला नाही. मी म्हटलं, जामीन राहणार नाही. पण उधारी वसूल करायला तुझ्याबरोबर येईन, दर शनिवारी हिशेबाला बसेन, आणि माझ्या आवर्ती ठेवीचे साठ हजार देते, ते परत द्यायचे नाहीत. ह्यांना आधी विचारलं होतं, ते हो म्हणाले होते. भावाने पैसे घ्यायला वेळ लावला. भावजयीला त्याने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, मी तिथेच होते. ती रडली, मग भांडली, मग चहा केला.

आज सकाळी सत्ताविसावा अध्याय. २३ वं वचन मी आयुष्यात किती वेळा वाचलं असेल, आपल्या शेरडामेंढरांची स्थिती नीट जाणून घे. मला ते नेहमी धनगरांसाठी लिहिलंय असं वाटायचं. त्याच्या कडेला आईची तारीख नाही. मी पेन्सिल घेऊन घातली.

नंदानगरच्या काकांनी सांगितलेल्या योजनेबद्दल विचारायला गुरुवारी अकरा वाजता भावाबरोबर बँकेत जाते आहे. मागायचे आहेत दीड लाख, दुरुस्तीसाठी आणि कच्च्या मालासाठी. काका, जाताना कोणकोणते कागद न्यायचे ते जमलं तर लिहा. बाकी सगळ्यांनी त्या वेळी प्रार्थनेत आठवण ठेवा. फ्रिजवरची फाइल मी त्याला परत दिली.

---

निवृत्त_बँकवाला, नंदानगर (२७ तारीख, रात्री)

उद्यम नोंदणी, पॅन, आधार, गेल्या वर्षभराचं बँक स्टेटमेंट, जीएसटीची विवरणपत्रं, शेडचा भाडेकरार आणि अडकलेल्या उधारीची बिलं. बिलं तारखेप्रमाणे लावून न्या. जुन्या हातउसन्याबद्दल मॅनेजरने विचारलं तर लपवू नका, भावाला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. गुरुवारी अकराला मी आणि घरची मंडळी प्रार्थनेला बसू.