सुई-रक्ताची भीती: अंग सैल सोडायचं की आवळायचं?

केतकी_ब
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी रक्ताच्या भीतीवर सत्र घ्यायचंय. टिपणांत सगळीकडे 'दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा' एवढंच सापडतं. पण काही जणींना नुसती धडधड होत नाही, त्या चक्क कोसळतात. त्यांनाही हेच शिकवायचं का? स्नायू आवळण्याची पद्धत म्हणतात ती नेमकी किती सेकंद, किती वेळा?

आल्हाद
कोसळणाऱ्यांना अंग सैल सोडायला मुळीच सांगू नका. पाल, उंची, कुत्रा यांच्या भीतीत नाडी आणि रक्तदाब चढतात. चक्कर येईल असं वाटतं, पण सहसा येत नाही. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धत, म्हणजे आधी शिथिल होऊन मग पायरीपायरीने भीतीला सामोरं जाणं, तिथे चालते. रक्त-सुईचं तसं नाही. आधी थोडा चढ, मग झपकन उतार: नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पडतं. त्यात अंग सैल सोडलं की रक्तदाब सावरायला काही आधारच उरत नाही.

म्हणून स्वीडनच्या ऑस्ट आणि स्टर्नर या संशोधकांनी १९८७ मध्ये स्नायूंना ताण देण्याची, म्हणजे आवळण्याची, पद्धत मांडली. खुर्चीत बसून दंड, पोट, मांड्या, पोटऱ्या एकदम आवळायच्या. १०–१५ सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग २०–३० सेकंद सोडायचं, पण नेहमीच्या स्थितीपर्यंतच. गळून जायचं नाही. असं ५ वेळा. ही फेरी दिवसातून ५ वेळा, आठवडाभर, रक्त समोर नसताना करायची. ऑस्ट यांच्याच गटाच्या १९९१ च्या तुलनात्मक अभ्यासात नुसतं भीतीला सामोरं जाणाऱ्यांपेक्षा स्नायू आवळायला शिकलेल्यांना जास्त फायदा झाला. गट लहान होते, तरी तर्क पक्का आहे.

मेधा_वाई
चुका कुठे होतात ते सांगते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवळताना श्वास कोंडणं. छातीत दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि उलट अंधारी येते. मुलींना आवळतानाच मोठ्याने आकडे मोजायला लावा, श्वास आपोआप चालू राहतो. धापा टाकणंही वाईट: कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. कपाळ-जबडा आवळला तर डोकं दुखतं. तसं झालं तर जोर कमी करा. रक्त काढायचा हात मात्र सैलच हवा, नाहीतर सुई जास्त टोचते.

उशिरा सुरू करणं हीदेखील नेहमीची चूक. डोळ्यांपुढे अंधारी आल्यावर आवळून फार हाती लागत नाही. जांभई, तळव्यांना थंड घाम, मळमळ ही पहिली खूण दिसली की लगेच सुरू करायचं, आणि सुई निघाल्यावरही काही मिनिटं चालू ठेवायचं. गरोदरपण, वाढलेला रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

केतकी_ब
आठवडाभर सराव झाल्यावर पायऱ्या कोणत्या लावू?

आल्हाद
प्रत्येकीने ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा द्यायचा आणि आपली यादी आपणच लावायची. ढोबळ क्रम असा: जखमेचं चित्र, रक्त काढतानाचा व्हिडिओ, सुईविना सिरिंज हातात, दंडाला रबरी पट्टा बांधून स्पिरिटचा कापूस, दुसऱ्याचं रक्त काढताना जवळ उभं राहणं, बोटाला टोचणं, शेवटी शिरेतून रक्त. सुरुवातीला बाजूला गादी असू द्या. कुणी गळाली तर आडवी करून पाय वर.

नजर वळवणं, मैत्रिणीचा हात घट्ट धरणं, गाणी ऐकणं या पळवाटा हळूहळू काढा. नाहीतर 'हात धरला म्हणून निभावलं' एवढंच मन शिकतं. जागा आणि माणसंही बदला: वर्ग, लॅब, वॉर्ड. एकाच खोलीत ओसरलेली भीती नव्या जागी पुन्हा डोकं काढते.

मेधा_वाई
शेवटच्या पायरीला उपाशीपोटी रक्त काढू नका. आधी अर्धा लिटर पाणी प्यायला द्या. रक्तदात्यांमध्ये एवढ्यानेही चक्कर कमी येते.