मांडवा ते गोवा किनाऱ्याने सायकलवर, नऊ दिवसांत बसेल का?

पायडलवाला_डोंबिवली
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी आणि माझा मामेभाऊ कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलने जायचं म्हणतोय. दोन्ही शनिवार-रविवार धरून नऊ दिवस सुट्टी आहे. भाऊच्या धक्क्यावरून रोरोने (गाड्या नेणारी मोठी बोट) मांडवा, मग अलिबाग, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळे, मालवण आणि शेवटी रेडीवरून तेरेखोल. मॅपवर साडेपाचशे-सहाशे किमी दिसतंय, म्हणजे रोज सत्तर धरले तरी होऊन जाईल असं वाटतंय. वीकेंडला नाशिक हायवेवर शंभरची राईड दोघांचीही सहज होते. सायकली हायब्रीड (रोड आणि माउंटन बाईकच्या मधल्या) आहेत, टायर 35 मिमी रुंदीचे. विचारायचं हे की रोजचे किमी बरोबर धरलेत का, तंबू न्यावा की राहायची सोय होते, आणि सायकली परत कशा आणायच्या?

खाडीपलीकडे
मस्त बेत आहे, नक्की करा. फक्त ते सत्तरचं गणित बदला. हायवेवरचे शंभर आणि कोकणातले साठ यात साठ जड जातात. किनारा म्हटलं की सपाट रस्ता डोळ्यासमोर येतो पण इथे गावं खाली पाण्याच्या काठाला आणि दोन गावांच्या मधे जांभ्या दगडाचं उघडं पठार, ज्याला इथे सडा म्हणतात, म्हणजे प्रत्येक खाडीला खाली उतरायचं, फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि उतरल्या उतरल्या परत घाटी चढायची. चढ लांब नसतात पण एकदम खडे, आणि दुपारच्या उन्हात सड्यावर झाडाची सावली नाही. दिवसाला असे चार-पाच चढ झाले की मांड्या बोलायला लागतात. म्हणून मी या रूटला किमी मोजत नाही, खाड्या मोजतो. एका दिवसात एक मोठी खाडी, फार तर दोन.

पहिला दिवस मांडवा ते मुरुड, साधारण सत्तर, हा खरंच सोपा आहे, काशीदच्या आसपास थोडे चढउतार तेवढे. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीने दिघी, मग दिवेआगर आणि तिथून श्रीवर्धनला शेखाडीमार्गेच जा, आतल्या रस्त्याने अजिबात नको. शेखाडीचा रस्ता समुद्राला इतका लागून आहे की भरतीच्या वेळी लाटेचे तुषार अंगावर येतात, अख्ख्या रूटवर माझा सगळ्यात लाडका तुकडा. मुक्काम हरिहरेश्वर. तिसरा दिवस बागमांडला-वेसवी फेरी, मग केळशी करून आंजर्ले, जेमतेम पन्नास किमी आहेत पण पूर्ण दिवस धरा. कड्यावरच्या गणपतीला संध्याकाळी जा. चौथ्या दिवशी हर्णै, लाडघर, दाभोळ आणि फेरीने धोपावे, मुक्काम गुहागर. पाचव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे. हे पाच दिवस असेच ठेवा, यात काही कोंबू नका.

तंबू नकोच. घरगुती खोल्या सगळीकडे आहेत आणि तंबूचं वजन प्रत्येक घाटीला जाणवतं. शनिवार-रविवारच्याच खोल्या आधी सांगून ठेवा, मधल्या वारी फोन केला तरी चालतं. जेवणाचं मात्र सकाळीच कळवायचं. छोट्या गावात आधी सांगितलं तरच दुपारी जेवण मिळतं, नाहीतर वडापाव नाहीतर बिस्किटं.

सौ_चाकं
वरच्या दादांशी सहमत. मी आणि माझे मिस्टर हा रूट तुकड्यातुकड्याने करतो म्हणून थोडं फेरीबद्दल सांगते. फेरीचा लोखंडी रॅम्प कायम ओला असतो, त्यावर वाळू आणि गाड्यांचं ऑईल, सायकल चालवत चढायची नाहीच, क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट असतील तर जास्तच जपून. गाड्या आधी लावून देतात, सायकलवाल्यांनी कडेला उभं राहून शेवटी हळूच चढायचं. खिशात सुटे पैसे ठेवा, काही धक्क्यांवर रेंज येत नाही. आणि शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी फोन करून विचारा कारण ती चुकली तर खाडीला वळसा घालणं सायकलवर त्या दिवशी शक्य नसतं.

किनाऱ्यावरून सायकल चालवायचा मोह सगळ्यांना होतो. पूर्ण ओहोटीला घट्ट वाळूवर चालवा हवी तर, पण भरतीची वेळ काढून जा. आमच्याकडचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. नंतर मुक्कामी गोड्या पाण्याने चेन, कॅसेट (मागच्या गिअरच्या चकत्या), ब्रेक धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे आणि मगच ऑईल. वाळू चेनमध्ये राहिली की दुसऱ्या दिवशी चढावर गिअर पडतच नाही. दाभोळला उतरताना तर ब्रेकचीच परीक्षा, ब्रेक पॅड नवीन घालून निघा.

आणि एक, गूगलने छोटा रस्ता दाखवला तरी गावात विचारून घ्या, कधीकधी सरळ पाखाडीवर नेऊन सोडतो, मग जांभ्याच्या पायऱ्यांवरून सायकल खांद्यावर.

रत्नागिरीकर_सायकल
मी वेगळं सांगतो. नऊ दिवसात गोवा होतो पण मग परतीचा दिवस उरत नाही आणि शेवटचे तीन दिवस नुसती पळापळ. गणपतीपुळ्यानंतर आरेवारेचा रस्ता, पुढे पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा हा पट्टा सावकाश बघायचा आहे, इथे घाई करणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. विजयदुर्गाच्या तटावर दोन तास तरी पाहिजेत. मालवणला संपवा, तेरेखोल पुढच्या वर्षी.

परतीचं म्हणाल तर रेल्वेत सायकल पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक होते, गार्डाच्या डब्याला लागून असलेल्या लगेज डब्यात जाते. पण कुडाळ-कणकवलीला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल चढेलच असं नाही. त्यामुळे मालवणहून रात्रीची खाजगी स्लीपर बस बरी पडते, पुढचं चाक काढून, डिरेलरची (गिअर बदलणाऱ्या भागाची) बाजू वर ठेवून डिकीत आडवी घालायची, खाली चादर. भाडं बुकिंगच्या वेळीच ठरवा.

पायडलवाला_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार, मामेभावाला आत्ताच सगळं वाचून दाखवलं. मालवणपर्यंतच करतो, आठव्या दिवशी संध्याकाळी मालवण आणि रात्रीची बस. पण मधेच कुणाला त्रास झाला किंवा सायकल बिघडली तर कुठे सोडावं? आणि हायब्रीडला मागे सगळ्यात मोठा गिअर 32 दात्यांचा आहे, पुढे तीन आहेत, पुरेल ना?

रत्नागिरीकर_सायकल
पुढे तीन असतील तर 32 पुरतो, सामान मात्र दोघांचं मिळून बारा किलोच्या वर नको. सोडायचंच झालं तर रत्नागिरी. इथे सायकलची दुकानं आहेत, ट्यूब, चेन, स्पोक मिळून जातात, आणि दिवा स्टेशनला जाणारी पॅसेंजर रत्नागिरीहूनच सुटते त्यामुळे सायकल चढवायला वेळ मिळतो, दिव्याहून डोंबिवली जवळच तुम्हाला. पार्सल ऑफिसात आदल्या दिवशीच जाऊन विचारा. स्टेशन गावापासून लांब, वरच्या बाजूला आहे, पहाटेची गाडी असेल तर त्या चढाचा वेळ धरून निघा. त्याआधी काही झालं तर दापोलीहून एसटी किंवा खेड स्टेशन. रत्नागिरीला पोचलात की इथे मेसेज टाका, पावसच्या पुढच्या रस्त्याची त्या आठवड्यातली अवस्था सांगतो, कुठे ना कुठे काम चालूच असतं.